पिकअपचे पोट आणि उंबरे वाचवणारे लोखंडी कवच: पुठ्ठ्याच्या साच्यापासून धरमकाट्यापर्यंत

नागपूरच्या पश्चिमेला काटोल किंवा कळमेश्वरच्या बाजूने एखाद्या पांदण रस्त्याने शेतात जायचे असेल, तर पावसाळा सरल्यानंतरचे पहिले दोन महिने गाडीच्या खालच्या अंगाची कसोटी पाहणारे असतात. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या काळ्या मातीत हातभर खोल गेलेल्या असतात, दोन चाकोऱ्यांमधला वरंबा वाळून कडक झालेला असतो, आणि पिकअपची चाके त्या चाकोरीत उतरली की तिचे पोट वरंब्यावरून खरवडत जाते. त्यातून नाला ओलांडायचा असेल तर पाण्याखालचे काळ्या पाषाणाचे गोटे दिसत नाहीत. ते हाताला लागावेत तसे गाडीच्या तळाला लागतात. इंजिनाचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी आणि दारांखालचा पत्र्याचा उंबरा या चार ठिकाणी होणारे नुकसान घरी बनवलेल्या साध्या लोखंडी कवचाने बरेचसे टाळता येते. हे काम कसे करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे करू नये, ते येथे क्रमाने मांडले आहे.

हे विवेचन शिडीसारखी वेगळी चेसिस असलेल्या पिकअपपुरते आहे. बोलेरो कॅम्पर, इसुझु व्ही-क्रॉस, जुनी झेनॉन या त्या जातीच्या गाड्या. ज्या गाड्यांना वेगळी चेसिस नसून बॉडी हीच चेसिस असते, त्यांना यातले उंबऱ्याचे काम लागू पडत नाही.

मी स्वतः हे काम दोनदा केले, कारण पहिल्यांदा ते चुकले. माझ्या जुन्या फोर बाय फोर कॅम्परला एका वर्कशॉपमध्ये दारांखाली जाड पाइप लावून घेतला होता. दिसायला तो देखणा होता, पण त्याचे पाय चेसिसला न जोडता थेट उंबऱ्याच्या पत्र्याला वेल्ड केलेले होते. पहिल्याच नाल्यात गाडी एका गोट्यावर टेकली, पाइपाला ओरखडासुद्धा आला नाही, मात्र पाइपाने उंबरा आत ढकलला आणि डावीकडचे मागचे दार पुढे दोन महिने नीट लागत नव्हते. कवच नसते तर पत्र्याला एका जागी खड्डा पडला असता. कवच होते म्हणून तीन जागी पडला. दगडाचा जोर शेवटी चेसिसवर उतरला पाहिजे, पत्र्यावर नाही, हे तेव्हा पैसे मोजून समजले. पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना याच एका गोष्टीतून निघते.

लोखंड विकत घेण्यापूर्वी कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम त्याच काटेकोर अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या बंपरवर बसवायच्या बुल बार आणि क्रॅश गार्डबद्दल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना स्वतंत्रपणे कारवाईच्या सूचना दिल्या होत्या. म्हणून पुढच्या बाजूचा लोखंडी गार्ड या लेखात नाही. तो पादचाऱ्याला घातक ठरतो, धडकेत चुरगळून जोर शोषून घेणाऱ्या पुढच्या भागाचे काम बिघडवतो, आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकवू शकतो. ज्यांना तो केवळ रुबाबासाठी हवा असतो, त्यांच्याशी वाद घालण्यात मी आता वेळ घालवत नाही.

पोटाखालचे आणि उंबऱ्याचे कवच गाडीची लांबी, रुंदी आणि आसनसंख्या बदलत नाही, तरीही आपल्या नोंदणीच्या कार्यालयात कामाचे साधे रेखाटन दाखवून आधी विचारणा करावी आणि उत्तर लेखी मागावे. नागपुरात एमएच ३१, ४० आणि ४९ अशा तीन मालिका असल्याने आपली गाडी ज्या कार्यालयाकडे नोंदलेली आहे तेथेच जावे. विमा कंपनीलाही कळवावे, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आक्षेपाचे कारण ठरू शकतो. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो: पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत आडवाटेने गाडी घालणे हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि कवच बसवल्याने त्याची मुभा मिळत नाही.

आधी ओरखडे वाचा

गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून सपाट फरशीवर उभी करावी. जॅकने उचलल्यावर तिला घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवल्याशिवाय खाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो. खाली गेल्यावर हातात पांढरा खडू घ्यावा आणि जिथे जिथे ओरखडा, खड्डा किंवा रंग उडालेला दिसेल तिथे वर्तुळ करावे. आपली गाडी कुठे टेकते हे आपल्याला आधीच ठाऊक आहे असे वाटत असते, पण खडूच्या खुणा वेगळेच सांगतात. माझ्या गाडीत सर्वाधिक खुणा ऑइल चेंबरवर नव्हत्या, गिअरबॉक्सच्या खालच्या आडव्या पट्टीवर आणि मागच्या चाकापुढच्या उंबऱ्याच्या शेवटच्या वीतभर भागावर होत्या. दोन चाकांच्या मधोमध येणाऱ्या उंचवट्यावर गाडी टेकते ती साधारण याच पट्ट्यात, आणि आपल्याकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडताना नेमके तेच होते.

या खुणांवरून अग्रक्रम ठरवावा. ज्याची खूण नाही आणि जे फुटले तरी गाडी घरी येऊ शकते, त्याला कवच घालू नये. लोखंडाला वजन असते आणि ते वजन रोज, डांबरी रस्त्यावरसुद्धा, आपल्यालाच वाहून न्यावे लागते.

माल: कोणता, किती जाड

पोटाखालच्या पत्र्यासाठी साधे माइल्ड स्टील, आयएस २०६२ ई २५० दर्जाचे, पुरेसे आहे. एक मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते; म्हणजे ३ मिलिमीटरचा पत्रा साडेतेवीस किलोच्या आसपास, ४ मिलिमीटरचा ३१.४ किलो आणि ५ मिलिमीटरचा ३९ किलोच्या वर. मात्र पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ४ मिलिमीटरचा पत्रा ३ मिलिमीटरच्या तुलनेत सुमारे २.४ पट कमी वाकतो, तर वजनात एक तृतीयांशच वाढ होते. इंजिन आणि गिअरबॉक्सखाली ४ मिलिमीटर, टाकीखाली ३ मिलिमीटर आणि त्याला कडेने वळवलेली किनार, हा मेळ मला योग्य वाटतो. ६ मिलिमीटरचा पत्रा घ्या म्हणून आग्रह करणारे बरेच भेटतात. त्यांना पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगांचा विचार करायला सांगावे.

अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याचा ६ मिलिमीटरचा पत्रा ४ मिलिमीटर लोखंडापेक्षा थोडा अधिकच ताठ असतो आणि वजन जवळपास निम्मे, चौरस मीटरला १६ किलो. पण तो महाग असतो, त्याला टिग वेल्डिंग लागते, आणि खरखरीत काळ्या दगडावर तो सरकण्याऐवजी कोरला जातो. घरच्या पहिल्या कामासाठी लोखंडच बरे.

उंबऱ्याच्या गार्डसाठी आयएस १२३९ चा ४० एनबी पाइप घ्यावा, ज्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. यात सी क्लास, म्हणजे ४ मिलिमीटर भिंतीचा पाइप मीटरला ४.३७ किलो भरतो, आणि बी क्लास ३.२ मिलिमीटर भिंतीचा, साडेतीन किलोच्या किंचित वर. दगडावर टेकणारा मुख्य पाइप सी क्लासचा आणि बाहेरचा पायरीचा पाइप बी क्लासचा चालतो. पाइप काळाच घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्तात मिळाला तरी नको, कारण तो वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. इतवारीतल्या दुकानांत किंवा स्मॉल फॅक्टरी एरियातल्या व्यापाऱ्यांकडे हा माल किलोवर मिळतो. जाताना कॅलिपर खिशात ठेवावा आणि भिंतीची जाडी स्वतः मोजावी, कारण सी क्लास म्हणून बी क्लास पदरात पडण्याचा अनुभव एकट्या माझा नाही.

पुठ्ठा आणि ओळंबा

लोखंड कापण्यापूर्वी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यात बनवावा. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरची आणि फ्रीजची मोठी खोकी दुकानांबाहेर पडलेली असतात. त्यांचा जाड पन्हाळी पुठ्ठा या कामाला उत्तम. चेसिसच्या दोन्ही रुळांवरची, म्हणजे दोन्ही लांब बाजूंवरची, उत्पादकाने ठेवलेली मोकळी भोके शोधून काढावीत. बहुतेक गाड्यांत अशी काही भोके सापडतात आणि तीच आपली खरी पकड असते. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खूण करावी, म्हणजे गाडीखाली पालथे पडून आडवे माप घेण्याची कसरत टळते आणि फरशीवर गाडीच्या पोटाचा नकाशा तयार होतो. त्या नकाशावरून पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने जागेवर लावून बघावा.

पुठ्ठा जागेवर असताना चार गोष्टी तपासाव्यात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवल्यावर टाय रॉड, म्हणजे चाके वळवणारी सळई, कुठे येते, सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण लोंबल्यावर काय काय हलते, सायलेन्सरचा पाइप कुठून जातो, आणि ऑइल काढण्याचा नट कुठे येतो. ऑइल चेंबर आणि पत्रा यांच्यात किमान २० मिलिमीटर मोकळी जागा हवी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि क्लच सोडताना ते हलते, म्हणून पत्रा कधीही इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला बांधू नये, फक्त चेसिसला बांधावा.

उंबऱ्याचे गार्ड

या कामातला सर्वांत कसाचा भाग हाच, म्हणून त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. रचना अशी असते: चेसिसच्या बाहेरच्या उभ्या बाजूवर ६ मिलिमीटर जाडीची, साधारण १५० मिलिमीटर लांब-रुंद अशी चौकोनी पट्टी बसते, तिच्यातून ५० बाय ५० बाय ४ मिलिमीटरच्या चौकोनी ट्यूबचा पाय बाहेर येतो, आणि अशा तीन पायांवर उंबऱ्याला समांतर मुख्य पाइप बसतो. पायांमधले अंतर ५० ते ६० सेंटिमीटर ठेवावे. दोनच पाय दिले तर मधोमध टेकल्यावर पाइप बाकदार होतो.

पाय चेसिसला कसा जोडावा, यावर मतभेद आहेत. वेल्ड करणे सोपे आणि मजबूत वाटते, परंतु चेसिस पुष्कळदा जास्त ताकदीच्या पोलादाची असते, वेल्डच्या बाजूचा तापलेला पट्टा तिथली ताकद घालवतो, आणि तडा गेला तर तो चेसिसमध्येच जातो. शिवाय वेल्ड केलेले गार्ड काढता येत नाही. म्हणून मी बोल्टची जोडणी निवडली. कंपनीची भोके जिथे आहेत तिथे तीच वापरावीत. जिथे नाहीत तिथे रुळाच्या आतल्या बाजूला दुसरी तशीच पट्टी ठेवून, रुळाच्या वरून आणि खालून जाणाऱ्या बोल्टांनी दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे आवळाव्यात, म्हणजे चेसिसला नवे भोक पाडावे लागत नाही. वरून जाणारा बोल्ट ब्रेकच्या नळीला, डिझेलच्या नळीला किंवा वायरिंगला दाबत तर नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. नुसते बघून भागत नाही. नवे भोक पाडल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर ते रुळाच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावे. वरच्या आणि खालच्या आडव्या बाजूंवर कधीही पाडू नये, कारण चेसिस वाकताना सर्वाधिक ताण तिथेच येतो. रूळ पेटीसारखा बंद असेल आणि बोल्ट त्यातून आरपार जात असेल, तर आत जाड भिंतीच्या नळीचा तुकडा घालावा. नाहीतर बोल्ट आवळताना रूळच चेपतो.

मुख्य पाइप आणि उंबऱ्याची खालची कड यांच्यात २५ मिलिमीटर अंतर ठेवावे. बॉडी चेसिसवर रबरी गाद्यांवर बसलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर ती थोडी हलते. अंतर कमी पडले तर पाइप आणि पत्रा एकमेकांवर आपटून खडखड करतात आणि रंग निघून तिथे गंज धरतो. बाहेरचा पायरीचा पाइप मुख्य पाइपापेक्षा थोडा वर उचललेला असावा, साधारण १५ अंशांचा चढ पुरे, म्हणजे गाडी तिरकी झाल्यावर तो आधी जमिनीत रुतत नाही आणि बाजूच्या झाडाला किंवा बांधाला लागताना दारांचा बचाव करतो.

पाइप पायाच्या ट्यूबला जिथे टेकतो तिथे ट्यूबचे टोक माशाच्या तोंडासारखे अर्धगोल कापून घ्यावे. फट दोन मिलिमीटरपेक्षा मोठी राहिली तर ती रॉडने भरून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि तुकडा कानशीने पुन्हा बसवावा. प्रत्येक पायाच्या खालच्या बाजूला ५ मिलिमीटरच्या पत्र्याची त्रिकोणी आधारपट्टी द्यावी. दगड पायाला वर रेटतो तेव्हा जोडावर सर्वाधिक ताण येतो, आणि ही पट्टी तो दोन वाटांनी चेसिसकडे पोचवते.

वेल्डिंग

तिन्ही पट्ट्या चेसिसला बोल्टांनी आवळून, पाय आणि पाइप जागेवर ठेवून, गाडीवर फक्त टाके, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारावेत. त्याआधी बॅटरीची ऋण वायर काढून बाजूला करावी आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प ज्या तुकड्याला टाका मारायचा त्याच तुकड्यावर लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगांतून किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढत नाही. नळ्यांवर आणि वायरिंगवर ओले गोणपाट टाकावे, वाळूची बादली आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवावा, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशी थांबावे. खालच्या गाळात धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही. डिझेलच्या टाकीच्या जवळ टाकासुद्धा मारू नये. टाकीचे कवच पूर्णपणे बाहेर बनवून फक्त बोल्टने बसवावे.

टाके मारून झाले की सगळा सांगाडा खाली उतरवावा, तिन्ही पट्ट्या एका जाड चॅनेलला बोल्टने बांधाव्यात आणि मगच पक्के वेल्ड करावे. वेल्ड थंड होताना लोखंड आकसते आणि पाय ओढले जातात. चॅनेल नसेल तर तयार झालेला गार्ड गाडीला परत लागतच नाही. एकाच बाजूने सलग वेल्ड न करता आलटून पालटून दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे असे करावे. घरच्या मशीनवर ६०१३ जातीचा ३.१५ मिलिमीटरचा रॉड १०० ते १२० अँपिअरवर चांगला चालतो. ७०१८ चा जोड अधिक चिवट असतो, पण तो रॉड ओल शोषतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे पाकीट वापरायचे असेल तर आधी भट्टीत नीट वाळवावे लागते. ज्याला ही सोय नाही त्याने पावसाळ्यात हे काम काढूच नये. मे महिन्यातही नको, कारण ४५ अंशांत चामड्याचा अंगरखा घालून मास्कमागे उभे राहिलेला माणूस घाई करतो आणि घाईतला वेल्ड वरून गोजिरा, आतून पोकळ निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ.

ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला नाही त्याने टाके स्वतः मारावेत आणि पक्के वेल्ड हिंगणा एमआयडीसीतल्या किंवा वाडीकडच्या एखाद्या अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे. यात कमीपणा काही नाही. मापे आणि जुळवणी आपली असली तर मजुरी कमी लागते, आणि कारागीरही आपल्या मनाने उंबऱ्याला पाय चिकटवत नाही.

पोटाखालचा पत्रा

पत्र्याचे वाक घरी हातोड्याने काढण्याच्या भानगडीत पडू नये; पुठ्ठ्याचा साचा घेऊन प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवणारे यंत्र, असलेल्या कारखान्यात जावे, जिथे ४ मिलिमीटरचा पत्रा काही मिनिटांत वाकवून मिळतो. पुढची कड वर उचललेली असावी, म्हणजे दगड तिच्यावरून घसरतो, अडत नाही. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे पुढच्या पत्र्याची मागची कड खाली आणि मागच्या पत्र्याची पुढची कड तिच्यावर, आतल्या बाजूला, यायला हवी. छपरावरच्या कौलांची कल्पना करावी, फक्त छप्पर उलटे धरून: पाणी जसे कौलांच्या सांध्यात शिरत नाही तसा दगड या सांध्यात शिरत नाही. हे उलटे झाले तर मागच्या पत्र्याची कड फाळासारखी जमिनीत घुसते.

पत्रा चेसिसच्या आडव्या पट्ट्यांना एम १० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या, ८.८ दर्जाच्या बोल्टांनी बसवावा, आणि भोके गोल न ठेवता किंचित लांबट ठेवावीत, म्हणजे पत्रा थोडा वाकला तरी बोल्ट परत जागेवर येतात. बोल्टचे डोके खाली लोंबत राहिले तर पहिल्याच नाल्यात घासून गोल होते आणि मग त्याला पाना लागत नाही. म्हणून डोक्याभोवती जाड नळीची छोटी कडी वेल्ड करून ते आत लपवावे. ऑइल काढण्यासाठी नटाच्या खाली मोठे भोक ठेवावे. ते इतके मोठे असावे की ऑइल पत्र्यावर न सांडता थेट भांड्यात पडेल, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला पत्रा उतरवावा लागतो आणि दोन-चार वेळांनंतर मेकॅनिक तो परत बसवायला विसरतो.

वाऱ्यासाठी आणि पाणी निघण्यासाठी पत्र्यात लांबट खाचा द्याव्यात, पण त्या गाडीच्या लांबीच्या दिशेने असाव्यात. आडव्या खाचांत दगड अडकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पूर्ण बंद पत्रा गिअरबॉक्सभोवतीची हवा कोंडून ठेवतो, त्यामुळे मोकळ्या जागेबाबत कंजुषी करू नये.

मागच्या डाल्याचे कोपरे

येथे फार सांगण्यासारखे नाही. डाल्याच्या, म्हणजे मागच्या मालाच्या हौद्याच्या, खालच्या कोपऱ्यांवर ३ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम चेकर प्लेटचे तुकडे काटकोनात वाकवून बसवता येतात, मात्र त्यांच्या आणि लोखंडी पत्र्याच्या मध्ये रबराची पातळ पट्टी घालावी. ओल्या जागी अॅल्युमिनियम आणि लोखंड उघडे एकमेकांना लागले की गंजण्याचा वेग वाढतो, आणि मागे अडकलेली माती त्यात भर घालते.

रंग

ग्राइंडरने वेल्डवरचा मळ काढून, थिनरने तेल पुसून, आधी झिंकयुक्त प्रायमर आणि मग दोन घटकांचा एपॉक्सी रंग द्यावा. पावडर कोटिंग अधिक सुंदर दिसते, पण दगडाने एकदा सोलले की त्याखाली पाणी शिरून गंज लपून वाढतो. साध्या रंगाचा डाग मात्र दर दिवाळीला अर्ध्या तासात ब्रशने भरता येतो. पाइपाची दोन्ही टोके झाकावीत आणि खालच्या बाजूला ८ मिलिमीटरचे एक भोक पाणी निघण्यासाठी ठेवावे. त्याच भोकातून आत गंजरोधक मेण फवारता येते.

बसवणे आणि तपासणी

एम १२ चे ८.८ दर्जाचे बोल्ट सुमारे ८० न्यूटन-मीटर आणि एम १० चे सुमारे ४५ न्यूटन-मीटर इतके, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावेत. नायलॉन अडकवलेले नट वापरावेत आणि एकदा काढलेला नट दुसऱ्यांदा वापरू नये. शंभर किलोमीटर चालवल्यानंतर सगळे पुन्हा तपासावे. रंगाचा थर दबल्यामुळे थोडी ढिलाई हमखास निघते.

पहिली परीक्षा अंगणातच घ्यावी. मुख्य पाइपाच्या मध्याखाली जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाके जमिनीपासून किंचित सुटतील इतकी गाडी हळू उचलावी, आणि या वेळी गाडीखाली कोणीही नसावे. दारे उघडून, लावून बघावीत. पहिल्या वेळी माझी हीच परीक्षा राहून गेली होती, आणि ती नाल्याने घेतली.

मग धरमकाट्यावर जावे. कवच बसवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा डिझेलची टाकी सारखीच भरलेली असताना, संपूर्ण गाडीचे आणि वेगळे फक्त पुढच्या चाकांचे वजन करून घ्यावे. माझ्या हिशेबात उंबऱ्याचे दोन्ही गार्ड मिळून पंचेचाळीस ते पन्नास किलो, इंजिनाखालचा पत्रा साडेसतरा, गिअरबॉक्सखालचा साडेनऊ आणि टाकीखालचा साडेदहा किलोच्या आसपास भरतो; बोल्ट आणि आधारपट्ट्या धरून एकूण नव्वद किलोच्या घरात. म्हणजे एक जाड पाहुणा कायमचा सोबत बसवला आहे, असे समजून डाल्यातला माल तेवढा कमी भरावा. परवानगी असलेले एकूण वजन नोंदणी पुस्तिकेत लिहिलेले असते आणि कवच बसवल्याने ते वाढत नाही.

हंगामातली देखभाल

पोटाखालचा पत्रा जसा दगड अडवतो तसाच कचराही साठवतो. काळी माती ओली असताना पत्र्यावर जाऊन बसते आणि वाळल्यावर तिचे ओझे काही किलोंनी वाढते, म्हणून प्रत्येक चिखलातल्या फेरीनंतर खाचांतून जोराच्या पाण्याने ती धुऊन काढावी. त्याहून अधिक जपावे ते सोयाबीन आणि तूर निघण्याच्या दिवसांत. मळणी झालेल्या शेतातून गाडी नेली की कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, आणि तुरीच्या काड्या पत्रा आणि सायलेन्सरच्या मधल्या फटीत भरतात, आणि तापलेल्या पाइपाला लागून त्या पेट घेतात. त्या महिन्यांत मी शेतातून बाहेर पडताना धुऱ्यापाशी गाडी थांबवतो, पाइप थोडा निवू देतो, तारेचा आकडा घेऊन खाचांतून कुटार ओढून काढतो आणि मगच डांबरी रस्त्याला लागतो. तो आकडा ड्रायव्हरच्या सीटमागे कायम अडकवलेला असतो.